गोडी मोजायची नळी

दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. मी पाणीबी फुंकून पितो. शहरातल्या दुकानांना फळं पुरवणाऱ्या कंपनीची पोरगी आमच्या अंबडकडच्या मोसंबीच्या बागेत आल्ती, तवा मी आधी तिच्या पिशवीवर डोळा ठेवला. पिशवीतून एक नळी निघाली. रसाचा थेंब तिच्या काचेवर टाकायचा अन् उजेडाकडं धरून आत बघायचं, गोडीचा आकडा दिसतो. गिऱ्हाईक एकदा फसलं की परत येत न्हाई, म्हणून ही तपासणी. आकडा बसला तर माल दुकानात, न्हाई तर रसाच्या गाड्यावर.

बाग माझ्या बायकोची. कागदावर नाव माझं, पण कलम लावण्यापासून सगळं तिनं केलेलं. आपली मोसंबी दुकानात नीट मांडलेली बघायची, एवढीच तिची हौस.

पहिल्या फळाला आकडा कमी आला. दुसऱ्यालाबी तेच.

"ताई, तुम्ही सावलीतली फळं तोडून राह्यल्या," मी म्हणालो. "उन्हातली घ्या."

तिनं उन्हातली घेतली. आकडा तसाच. मंग मला नळीचाच संशय आला. म्हणलं, साधं पाणी टाकून दाखवा. पाण्याला शून्य आलं. तरी माझं समाधान होईना. बांधावर एक एकटं झाड आहे, ठिबकची नळी तिथवर जात न्हाई. त्याचं फळ आणलं अन् मी स्वतः डोळा लावला. आतली गोडीची रेघ बरीच वर गेल्ती. मी नळी पोरीच्या हातात परत दिली.

पोरीनं विचारलं, "काका, एवढ्यात बागेला पाणी दिलंत का?"

मी बोलायच्या आत बायको म्हणाली, "छे ओ! फळ पिकायला आलं की मी पाणी तोडते. ठिबकचा वॉल माझ्या हातानं बंद केलाय. यांचा जगावर भरोसा न्हाई, पण बागेतलं माझं ऐकतात."

ती परतूरला माहेरी गेल्ती, तवा तीन दिवस मी वॉल सोडला होता. मला वाटलं, ही पाणी तोडून उगाच फळाचं वजन घालवती. पाणी पिऊन फळं टचटचीत झाल्ती अन् मी मनात खूश होतो. गप बसलो असतो तर पोरीनं बागेलाच नावं ठेवली असती.

"वॉल मी सोडल्ता," मी म्हणालो.

बायको रागावली असती तर बरं झालं असतं. पोरगी वहीत लिहीत राह्यली. बायकोनं तोडलेल्यातली एक मोसंबी उचलली, सोलली, अन् अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"खा," म्हणाली.

खाल्ली. नुसतं पाणी होतं.