आईची खोली कुणाच्या फेजवर?

आमच्या घरी थ्री फेज वीज आली आणि तीन भावांना एकमेकांची तोंडं बघायची गरज उरली नाही.

पिरंगुटजवळ भरे गावात आमचं तीन मजली घर आहे. तळाला थोरला दादा, मध्ये अण्णा, वर मी, आणि खाली जिन्याशेजारच्या खोलीत आई. आधी सिंगल फेज होती. म्हणजे खांबावरून वीज आणणारी तार एकच, आणि सगळं घर तिच्यावर. दादाची घरघंटी सुरू झाली की माझा पंखा मान टाकायचा, अण्णाकडे इस्त्री लागली की सगळ्यांचा फ्यूज उडायचा. मग तिन्ही बिऱ्हाडं पायरीवर येऊन एकमेकांचा उद्धार करत बसायची. निदान रोज भेट तरी व्हायची!

मी हिंजवडीला कंपनीत कामाला, म्हणून घरातला शहाणा. मीच सुचवलं, "थ्री फेज घेऊ. तीन तारा येत्यात, तिघांना तीन. एकाची गेली तरी बाकीच्यांची चालू ऱ्हाती."

"म्हंजी माझी लाइट दुसरं कुनी वापरनार न्हाई?" दादानं विचारलं.

"न्हाई."

"मग घे की! इचारतोस काय?"

जमिनीच्या वाटणीत आमची अर्धी हयात गेली होती; विजेची वाटणी चहा निवायच्या आत झाली. दादाला लाल तार, अण्णाला पिवळी, मला निळी. उरली काळी. वायरिंग करत होता अण्णाचा मेहुणा. तो म्हणाला, "ही नूट्रल. ही तिघांचीबी. सगळ्यांची वीज हिच्यातनंच माघारी जाती."

तिघांची म्हटल्यावर तिच्याकडे कोण बघतो? मेहुण्यानं तिला पीळ मारला, टेप गुंडाळली आणि "मागनं नीट करू" म्हणून तो जेवायला बसला.

तेवढ्यात माझ्या बायकोनं विचारलं, "आणि आईंची खोली कुणाच्या फेजवर?"

आईकडे एक पंखा, एक ट्यूब, एक छोटा टीव्ही. पण दादा म्हणाला, "माझ्यावर घरघंटीचा लोड हाय." अण्णा म्हणाला, "माझ्या पोरांचं दोन कंप्युटर हायेत." मी विचार करत होतो. (माझा विचार घराला नेहमीच महागात पडतो!) आईचं जेवण चार-चार महिने एकेकाकडे होतंच. मग वीजही तशीच! मी बाजारातून फिरवायचा खटका आणला. त्यावर एक, दोन, तीन असे आकडे आणि मध्ये शून्य. ज्याच्याकडे आईचं ताट, त्याच्या फेजवर खटका. भावांनी माझी पाठ थोपटली. आईनं खटका नीट निरखला.

"आन् ह्यो शून्य कुनाचा रं?"

"कुनाचा न्हाई गं. असाच असतोय."

काही दिवसांनी काळ्या तारेच्या जोडातून चरचर आवाज यायला लागला. दादा म्हणे, काम अण्णाच्या मेहुण्याचं, अण्णा बघेल. अण्णा म्हणे, शिकलेला बाळू, तो बघेल. माझं म्हणणं, बोर्ड दादाच्या भिंतीवर आहे. असं आमचं तिघांचं काळ्या तारेवर बारीक लक्ष होतं.

एप्रिलमध्ये अण्णाची पाळी संपली. त्यानं तत्परतेनं खटका शून्यावर आणला. पुढची पाळी माझी. रविवार होता, मी वर पंख्याखाली मॅच बघत होतो.

"बाळू, पंखा बंद हाय रं!" खालून आईची हाक.

"आलो, आलो!" मी ओरडलो आणि लोडाला टेकलो. खाली ती पायरीवर येऊन पुठ्ठ्यानं वारा घेत बसली.

आणि जोड तुटला. परतायची वाट बंद झाल्यावर तिन्ही फेज एकमेकींच्या घरात घुसल्या. अशा वेळी ज्याचा वापर कमी, त्याच्याकडे व्होल्टेज जास्त. माझा पंखा भन्नाट फिरायला लागला. "बघ, आज व्होल्टेज कसलं झकास आहे!" मी बायकोला म्हणालो, आणि टीव्हीतून धूर आला. मग पंखा गेला, फ्रिज गेला. अण्णाकडून पोरांच्या किंकाळ्या आल्या. दादाकडे घरघंटी चालू, म्हणून तिथं उलटंच: बल्ब मिणमिणता.

"बाळ्या, माझी वीज वडतोस व्हय रं?" दादा गरजला आणि वहिनीला म्हणाला, "बंद कर गं ती घंटी!"

वहिनीनं घंटी बंद केली. लोड गेला तसा दादाचा बल्ब लखकन पेटून फुटला, आणि पाठोपाठ त्याचाही पंखा!

पिरंगुटहून आलेल्या वायरमननं काळी तार जोडली. तिन्ही घरांत वीज आली, पण तिच्यावर चालेल असं काही उरलं नव्हतं. घरात धड पंखा एकच होता, आईचा. तो शून्यावर होता, म्हणून वाचला. कुणाच्याच फेजवर नसल्याचा तिला झालेला हा पहिला फायदा!

आता मात्र मी एका उडीत खाली जाऊन खटका तीनवर केला. (हाक मारल्यावर हेच पाय जड झाले होते.) पंखा फिरला आणि तिन्ही बिऱ्हाडं आईच्या खोलीत घुसली. आईनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"येवड्यांना वारा पुरायचा न्हाई. पाळ्या लावा. आदी थोरला, मग मधला."

"आन् मी?"

"तुजी पाळी तिसरी. तवर शून्यावर बस."

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. तिचा पुठ्ठा तिथंच पडला होता, तो उचलला आणि वारा घ्यायला लागलो. तक्रार करणार कुणाकडे? खटका मीच आणला होता.