निळं पाणी

बनूबाई ओव्हाळांनी बदलापूरच्या एका औषधकंपनीत बावीस वर्षं एकच काम केलं. गोळ्यांच्या पट्ट्या निळ्या पाण्याच्या बरणीत बुडवायच्या, पंपाने बरणीतली हवा ओढायची, पुन्हा सोडायची, मग पट्टी फोडून बघायची. आत निळं दिसलं की पट्टी गळकी, सगळा माल अडवायचा. सुपरवायझर डोळे वटारायचा. बनूबाई त्याच्याहून मोठे वटारायच्या.

त्यांची लेक यशोधरा मुंबईत पीएचडी करत होती, नव्या सोलर सेलवर. काचेवर शाईसारखा काळा पातळ थर द्यायचा, ऊन पडलं की वीज. सिलिकॉनपेक्षा स्वस्त, पण दमट हवेपुढे लगेच नांगी टाकणारा! लॅबच्या कोरड्या पेटीत मात्र महिनोन्‌महिने टिकायचा. "लोक काय पेटीत राहतात?" म्हणत यशोधराने सेल अंबरनाथला, आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर ठेवले. अकरा दिवसांत सगळे पिवळे पडले.

तिचे गाईड म्हणाले, "मटेरियलच कच्चं आहे. प्रबंधातून गच्ची काढ, पेटीतले आकडे दे. नाहीतर समिती मुदतवाढ देणार नाही."

मुदतवाढ नाही म्हणजे पाच वर्षांची मेहनत मातीत. तिला रडू आलं, आणि राग त्याहून जास्त आला.

बनूबाईंनी चष्मा लावून मेलेला सेल उलटासुलटा केला. "यशू, मालाला कशाला शिव्या देतेस? पॅकिंग गळतंय तुझं."

"आई, ही गोळ्यांची पट्टी नाही गं."

"हवा आत जाऊ द्यायची नाही, हेच ना? मग झालं तर!"

उल्हासनगरला फ्रिज दुरुस्त करणाऱ्या धर्मेशकडून पंप मागून आणला. बरणीत निळं पाणी केलं, सेल बुडवला, हवा ओढली, सोडली. तार बाहेर येते त्या कोपऱ्यातून निळी रेघ सरळ आत! एवढी शिकलेली माणसं, पण तिकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. यशोधराने तो कोपरा नव्याने बंद केला. पुढचे सेल गच्चीवर चार महिने काळेभोर राहिले.

समितीसमोर गाईडनी तिच्या प्रबंधावर बोट ठेवलं. "ही चाचणी श्रीमती बनूबाई ओव्हाळ यांची, असं लिहिलंयस. क्वालिफिकेशन काय यांचं?"

"चौथी पास, सर. बावीस वर्षं पॅकिंग. माझी आई."

"मग आभार मान ना पहिल्या पानावर. इथे शोभत नाही. नाव काढ, मग मुदतवाढीचं बघू."

"नाही काढणार."

तिने पिशवीतून बरणी काढली, पंप काढला, टेबलावर ठेवला. "सर, समितीला दाखवायला आणलेला तुमचा तो पेटीत सगळ्यात जास्त टिकलेला, रेकॉर्डवाला सेल द्या. बुडवू या. आत निळं नाही गेलं, तर नाव इथल्या इथे खोडते."

सरांनी सेलची डबी हाताखाली ओढून घेतली. "हा काय पोरखेळ आहे?"

"द्या की," बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या. "मलाही बघायचंय."

सरांनी हात हलवला नाही. मुदतवाढीच्या कागदावर आधी परीक्षक बाईंची, मग बाकीच्यांची सही झाली, सरांची सगळ्यात शेवटी. नाव होतं तिथेच राहिलं.

घरी बनूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, मग एकच विचारलं, "सेल बुडवायला दिला का गं त्यांनी?"

"नाही."

"मग अडव त्यांचा माल," बनूबाई म्हणाल्या आणि पुढची जुडी ओढली.