धुतलेले दगड

दगड उचलण्याआधी तात्या त्याच्याशेजारी उकिडवे बसत आणि थोडा वेळ नुसते बघत राहत. चौलच्या वाड्यांमध्ये पोफळींना पाणी लावणारा हा माणूस तरुणपणी एका उत्खननावर मजूर होता. तिथे आलेल्या एका जर्मन बाईंनी त्यांना एक शब्द दिला होता: लिथिका. म्हणजे माणसाचा हात लागलेले दगड. बाई गेल्या, शब्द राहिला. घासलेले, टोचलेले, फोडून धार काढलेले असे दगड तात्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत जपले होते. प्रत्येक दगड चिठ्ठीत गुंडाळलेला आणि चिठ्ठीवर तो सापडल्याची जागा. "जागा गेली की दगड मुका," ते म्हणत.

गावाने त्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा दगड मांडायचं काम शाळामास्तर म्हणून माझ्याकडे आलं. पाहुणे येणार म्हणून मी ते साबणाने घासले आणि कवायतीला पोरं उभी करतात तसे उंचीप्रमाणे लावले. मातकट चिठ्ठ्या बंबात गेल्या. पाहुणे दगडांच्या चकाकीवर बराच वेळ बोलले. तात्यांना शाल मिळाली. ती खांद्यावर घेऊनच ते दगडांपाशी उकिडवे बसले.

"चिठ्ठ्या?"

मी सांगितलं.

"मास्तर, कुणाकुणाची घरं पुसलीत तुम्ही."

आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तात्या रोज एक दगड खिशात घालून निघत. आठवेल त्या जागी तो मातीत दाबत, पुन्हा काढून कूस बदलून ठेवत. खात्री नसली तर परत आणत. मी मागून जायचो. वाडीवाले विचारत, "तात्या, काय हरवलंय?"

"माझं काय न्हाय."

ट्रंक रिकामी होत गेली, तसे तात्याही आटत गेले. शेवटी मुठीएवढा एक काळा दगड उरला, अंगठ्यापुरता खळगा असलेला. अंथरुणावरून त्यांनी तो माझ्या हातात दिला. "याची जागा न्हाय गावली. आता तुम्ही फिरा."

त्याला चार वर्षं झाली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण दगड खिशात असला की अंगठा आपोआप त्या खळग्यात जाऊन बसतो, आणि खळगा कधीच गार लागत नाही.

काल एका वाडीत उकिडवा बसलो होतो. कुंपणापलीकडून मालकाने विचारलं, "मास्तर, काय हरवलंय?"

"माझं काही नाही."

"मग कुणाचं?"

अंगठा खळग्यातच होता.

"त्यालाच विचारतोय," मी म्हणालो.