शालीची दशी

मुलीने लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा मी मुलाचं शिक्षण, नोकरी आणि घरचे लोक, हे तिन्ही प्रश्न एका दमात विचारले. पहिल्या दोन उत्तरांवर आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्यावर अडलो. मुलगा आर्मेनियन. वडील नाहीत. आई दरवर्षी त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या बाजारात आर्मेनियाहून मागवलेल्या वस्तू विकते.

“पुढच्या महिन्यात त्या आपल्याकडे जेवायला येतील,” मुलगी म्हणाली. “बाबा, प्लीज, तोपर्यंत चौकशा करू नका.”

पुण्यातलं स्थळ असतं तर चार ओळखी काढून सगळं कळलं असतं. इथे अमेरिकेत, चँडलरमध्ये कोणाला विचारणार? एकुलती एक मुलगी ज्या घरात जाणार ते घर सरळ आहे का, एवढंच मला हवं होतं. माणूस कसा आहे ते त्याच्या मालावरून कळतं, असं माझं मत आहे. तेव्हा मुलगी ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी गेल्यावर आम्ही दोघं साधं गिऱ्हाईक म्हणून त्या बाजारात गेलो. बायकोने देवघरातली काडेपेटी पर्समध्ये टाकली होती.

मुलीने दाखवलेल्या फोटोवरून बाई लगेच ओळखू आली. टेबलावर लांब दांड्याची तांब्याची कॉफीची भांडी, लोकरी मोजे, आणि पोटात मीठ ठेवायची सोय असलेल्या मातीच्या ठेंगण्या बायका मांडल्या होत्या. मी चिनीमातीचं एक डाळिंब उलटं करून पाहिलं. खाली कुठल्या देशाचं नाव नव्हतं. काहीच न लिहिणं मला खोटं लिहिण्यापेक्षा जास्त संशयाचं वाटतं.

“हे जर्दाळू आर्मेनियाचे?” मी नारिंगी रंगाच्या पाकिटाकडे बोट दाखवलं.

“आर्मेनियाचे काळपट असतात. हे दुसरीकडचे,” ती म्हणाली. “लोकांना हाच रंग आवडतो.”

“मग तसं लिहिलं का नाही?”

“विचारतात त्यांना सांगते.”

म्हणजे न विचारणाऱ्यांना सांगत नाही. मी बायकोकडे पाहिलं. तिने तोवर एक डाळिंबी शाल हातात घेतली होती आणि ती उलट्या बाजूने निरखत होती. मी किमतीची चिठ्ठी वाचत होतो, तोच बाईने आपणहून दहा डॉलर कमी केले. घासाघीस न करता किंमत उतरली की मला मालातच खोट दिसते. तरी शाल घेतली, कारण विकत घेतल्याशिवाय ती जाळता येत नाही.

आमच्याकडे रेशीम किंवा लोकर पारखायची रीत सोपी आहे. काठाची एक दशी ओढायची आणि पेटवायची. केस जळल्यासारखा वास येऊन राख चुरगळली तर माल खरा. वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिक. पार्किंगमध्ये गाडीच्या आडोशाला मी दशी धरली, बायकोने काडी ओढली.

“अहो, बोट भाजेल.”

“तू वास घे.”

“माझं नाक चोंदलंय. तुम्हीच घ्या.”

आम्ही दोघं त्या दशीवर वाकलेलो असताना मागे कोणीतरी येऊन थांबलं. बाईच होती. बायकोचा गॉगल टेबलावर राहिला होता, तो द्यायला आली होती. मला वाटलं, झालं, आता मुलीला सगळं कळणार.

“काय निघालं?” तिने विचारलं.

“लोकर.”

“नक्की?” तिने माझ्या बोटांमधली राख चुरून पाहिली. “माझा चुलतभाऊ पाठवतो. लोकर आहे म्हणतो. मी कधी तपासलं नव्हतं.” एवढं बोलून ती आत गेली.

पुढच्या महिन्यात ती ठरल्याप्रमाणे आली. दारातून आत येताना आम्हाला पाहून तिचा चेहरा जराही हलला नाही. मुलाने हात जोडून नमस्कार केला, मुलीने ओळख करून दिली, आणि आम्ही सगळे पहिल्यांदाच भेटल्यासारखे हसलो. जेवणानंतर बायकोने तिला कुंकू लावलं, ओटी भरली आणि पैठणी दिली.

तिने पदर उलटा केला. उलट बाजू बराच वेळ पाहिली.

“ही तुम्ही तपासली?” तिने मला विचारलं.

“नाही. माझ्या चुलत बहिणीने येवल्याहून पाठवलीय.”

“म्हणूनच विचारलं.” तिने पर्समधून लायटर काढून टेबलावर ठेवला.

“काय चाललंय?” मुलगी म्हणाली.

“तुझ्या बाबांकडून शिकले.”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्याकडे बघायला सवड नव्हती. बहिणीचा स्वभाव मला ठाऊक होता. स्वस्तात मिळालं की तिला सगळंच खरं वाटतं. बायकोने पदराच्या टोकाची दशी ओढून बशीवर धरली. बाईने लायटर लावला. सगळे वाकले. केस जळल्याचा वास आला तेव्हा मी श्वास सोडला.

बाईने राख चुरली. “रेशीम,” ती म्हणाली आणि साडी मांडीवर घेतली.

“म्हणजे तुम्ही बाजारात गेला होतात,” मुलगी म्हणाली. “बाबा, मी काय सांगितलं होतं?”

“शाल घ्यायला आले होते,” बाईच बोलली. “आता तारखेचं बोलू या.”

तारीख त्याच बैठकीत ठरली. बाई निघाली तेव्हा मी तिला दारात गाठलं आणि विचारलं, त्या दिवशी तुम्ही आम्हाला आधीच ओळखलं होतं का? किंमत म्हणून उतरवली का?

“गिऱ्हाईक म्हणून आलेल्याला मी गिऱ्हाईकच समजते,” ती म्हणाली.

हे उत्तर मला अजून पूर्ण पटलेलं नाही.