पाहुण्यांचं वाय-फाय

लिहायचा अधिकार मला आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात परीक्षेच्या पेपरापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून फार समजतं असंही नाही. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

ताई बाळंतपणासाठी टेमघरला आमच्याकडे आली होती. एका गोदामातल्या मालाच्या नोंदी ती घरूनच कॉम्प्युटरवर करायची. बाळ अजून अंगावर पिणारं. तशात ऑफिसातून निरोप आला : घरच्या नेटवर्कला फायरवॉल हवी, बाहेरचं कुणी त्यावर नको, नाहीतर गोदामात ड्युटीला या.

ताईने आधी बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू हेच शिकतोस ना?"

हो म्हणालो. खरं तर फायरवॉल मी फक्त परीक्षेच्या उत्तरात लिहिली होती.

बाबा यंत्रमागाच्या शिफ्टवरून आले. "आग लूमला लागते, तिथं सूत असतं. आपल्या घरात काय जळनार हाय?"

"आगीची भिंत नाही, बाबा. नेटवरून घरात कोण शिरतंय, त्याला अडवणारी."

"मग भिंत कशाला म्हनता? दार म्हना."

निजामपुऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने फायरवॉलची एक वेगळी पेटीच दाखवली. "भाई, ये लगा दो, टेन्शन खतम." सेटिंग कशी करायची विचारलं, तर म्हणाला, "वो तो आप पढ़े-लिखे हो." मी पेटी परत ठेवली. मलाच चालवता येणार नाही ते ताईच्या नोकरीपुढे कसं उभं करायचं?

घरी येऊन वाचत बसलो. घरच्या वाय-फायच्या राउटरमध्ये फायरवॉल आधीपासून होती, फक्त बंद होती. कॉम्प्युटरमध्येही एक होती. दोन्ही चालू केल्या, राउटर अपडेट केला. आमच्यासारख्या घराला एवढं पुरेल असं वाटलं.

अडचण वेगळीच होती. आमच्या चाळीत विरजण मागावं तसा वाय-फायचा पासवर्ड मागतात, आणि आई कुणाला नाही म्हणत नाही. राउटरवर 'गेस्ट' नावाचं वेगळं नेटवर्क निघतं. त्यावर इंटरनेट मिळतं, पण घरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता येत नाही. ते सुरू केलं, घरचा जुना पासवर्ड बदलला आणि 'गेस्ट'चा द्यायला शेजारच्या मावशींकडे गेलो. त्यांनी मोबाइलवर नाव वाचलं.

"गेस्ट? म्हंजे पाव्हणे? तुझ्या ताईला रोज मालिश मी करते, आन् मीच पाव्हणी?"

"मावशी, ते नाव राउटरनेच..."

"मग राउटरला म्हनावं, पाव्हणीला चहा पाज."

त्या हसल्या, पण पासवर्ड घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मालिशला आल्या, तेव्हा माझ्याशी बोलल्या नाहीत. मला फार लागलं. नेटवर्कचं नाव बदलता येतं, हे आदल्या दिवशी सुचलं नव्हतं. मी ते 'शेजार' केलं आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता टाक पासवर्ड."

ताईने सगळ्या सेटिंगचे फोटो ऑफिसला पाठवले. उत्तर येईना. ती बाळाला वाटीने दूध पाजायची सवय लावायला लागली, आणि बाळ तोंड फिरवून रडायचं.

मग एकदा कॉलेजमध्ये असताना मावशींचा फोन आला. "तुझ्या ताईचं काम राहिलं रे!"

"राहिलं? काय करायचं राहिलं?"

"अरे, टिकलं! घरूनच कर म्हनाले. ती बाळाला पाजतेय, म्हून मी सांगते."