बोलणं कापलेल्या कॅसेटी

मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. कोपरगावात माझा धंदा आहे, कुणाच्या आधाराशिवाय उभा केलेला. जोडीला एक नाद आहे. रेडिओवरचे गाजलेल्या गाण्यांचे कार्यक्रम लोक पूर्वी घरी टेप करून ठेवत. त्या कॅसेटी मी मिळवतो, बुरशी पुसतो आणि संगणकात उतरवून ठेवतो. त्यासाठी जिल्ह्यातल्या पुष्कळ माळ्यांवर चढून आलोय.

हे ऐकूनच नगरहून एका बाईंचा फोन आला. त्यांचे यजमान फर्माईशीच्या कार्यक्रमाचे निवेदक. आमच्या तरुणपणी त्यांचा आवाज घराघरांत ओळखीचा होता. आता अर्धांगवायूने वाचा गेलेली.

"नातीने आजोबांचं बोलणं कधी ऐकलंच नाही हो," बाई म्हणाल्या. "आकाशवाणी केंद्रात विचारलं, तिथे काही मिळालं नाही. तुमच्याकडे असेल ना?"

या माणसावर माझा राग आहे. तेव्हा मी पुणतांब्याला राहायचो आणि त्याला दर आठवड्याला फर्माईशीचं कार्ड टाकायचो. एकदाही माझं नाव वाचलं नाही. आमच्या आळीतल्या एकाने आयुष्यात एकच कार्ड टाकलं, ते मात्र वाचलं. मी हे विसरलेलो नाही. पण बाईंना नाही म्हणवेना.

सगळी कपाटं उपसली. नुसती गाणी. कारण आम्ही सगळ्यांनी एकच उद्योग केला होता. बोट पॉजच्या बटणावर ठेवून बसायचं, निवेदक तोंड उघडतोय म्हटलं की दाबायचं आणि गाणं लागलं की सोडायचं. कॅसेट महाग, ती बडबडीवर कोण घालवणार? आज तीच गाणी कुणाच्याही मोबाईलवर वाजतात. बोलणं मात्र कुठेच नाही. एका कॅसेटीत "आणि आता" एवढे दोन शब्द सापडले, पुढे खट्.

अखेर शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर एका सलूनवाल्याकडे कॅसेट मिळाली. टेप चालू केला की त्याचे हात साबणात. पॉज दाबणार कोण? त्यामुळे गाणी, बोलणं, बातम्यांची सूचना, सगळं जसंच्या तसं उतरलं होतं. सवयीप्रमाणे भाव पाडायला मी खोट काढू लागलो.

"बुरशी धरलीय. टिकायची नाही ही."

"मंग कशाला उचलताय? ठेवा खाली."

"आणि बडबड किती आहे हिच्यात."

"व्हय. गिऱ्हाईक लई वैतागायचं. पर तुमी तर ती बडबडच हुडकत फिरताय म्हनं. रस्त्यानं दोघांनी सांगितलं मला."

मी सरळ किंमत विचारली. त्याने पैसे मागितले नाहीत. नुसत्या गाण्यांनी भरलेला पेन ड्राइव्ह मागितला, आणि काम झालं की कॅसेट परत. ट्रॅक्टरच्या सौद्यात मला कुणी इतकं सहज चितपट केलेलं नाही.

नगरला गेलो. निवेदक खुर्चीत, उजवा हात मांडीवर निपचित. नात, सात-आठ वर्षांची, त्यांच्या पायाशी बसली. टेप सुरू केला. खोलीभर तो आवाज पसरला. भरदार, थोडा मिस्कील. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग एकदम डोळे उघडून त्यांनी डाव्या हाताने टेप थांबवायला लावला. मागे घ्यायला लावला. पुन्हा ऐकलं आणि दोन बोटांची कात्री करून माझ्यापुढे चालवली.

"संगीतकाराचं नाव चुकलंय वाटतं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "तेव्हाही असं काही झालं की जेवायचे नाहीत."

"साहेब, कापणार नाही," मी म्हणालो.

"ना. ना." तेवढंच अक्षर त्यांच्याजवळ उरलं होतं, आणि तेही रागाने.

"सगळ्या जिल्ह्यानं तुम्हाला कापलंय. आता एक नाव चुकलं म्हणून मीही कापू?"

"ना!"

माझाही आवाज चढला. आजारी माणसाच्या घरात मी भांडत होतो. त्यांच्याकडे एक अक्षर, माझ्याकडे अख्खी भाषा, तरी ते हटेनात. बोटांची कात्री चालूच.

नातीने त्यांचा गुडघा हलवला. "आजोबा, तुम्ही एवढं भराभरा बोलायचात?"

ते तिच्याकडे पाहत राहिले. बोटं थांबली, मग मिटली.

"परत लावा ना," ती मला म्हणाली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाखुशीनेच. मी टेप पहिल्यापासून लावला.