उपडी बरणी

ये, अशी जवळ सरक बघू. उंबऱ्यातनंच चौकशा करायच्या, ही कुठली रीत? आणि आमच्या जावयाला वेडा म्हणालीस, ते नीट म्हण. काटेवाडीपासून इंदापूरपर्यंत एवढा गोड वेडा दुसरा सापडायचा न्हाई!

लग्नाच्या पंगतीत खिशातनं तापमापी काढून कढीत बुडवणारा माणूस तू पाहिलायस? आमी पाहिलाय, आणि वर लेकही त्यालाच दिलीय. चहा बशीत ओतला की बशी तिरकी धरून बघत बसणार. काकवी थंडीत किती सावकाश उतरते आणि उन्हात कशी पळते, हे सांगता सांगता पुढ्यातली भाकरी वाळून जायची. पुण्यात तो जेलीसारख्या मऊ कणांवर संशोधन करायचा. "मामी, सब्जा पाणी पिऊन फुगतो ना? तसेच हे कण, फक्त डोळ्याला दिसत नाहीत. गारव्यात फुगून अशी दाटी करतात की कुणालाच हलता येत नाही. ऊब लागली की पाणी सोडून आकसतात, आणि सगळं वाहायला लागतं."

आमच्या मालकांना, त्याच्या सासऱ्यांना, काही ते पटेना. "पाणी ढवळायचा पगार घेतोय जावई," असं चारचौघांत म्हणायचे, आणि लेकीचं तोंड एवढंसं व्हायचं.

अधिक महिन्यात धोंड्याला बोलावलं, तर जावईबापू अनारशांआधी त्या कणांची बरणी काढून उभे. भर उन्हाळा, अंगणात सगळी भावकी. "मामा, ही तुमच्या डोक्यावर उपडी धरतो. थेंब पडला तर संशोधन सोडून तुमच्या गोठ्यात शेण काढीन!" पुण्याच्या गार खोलीत रोज धरायचा ना! एसटीत बरणी तापलीय, हे गडी विसरला. जन्मभर ज्याचा अभ्यास, नेमकं तेच! झाकण काढलं, बरणी पालथी केली, आणि भळाभळा मालकांच्या नव्या टोपीवर, तिथनं मिशीवर. भावकी लोळायला लागली, लेक रडकुंडीला आली, आणि हा उड्या मारतोय, "आकसले! मामा, सगळे कण आकसले!"

निम्मी बरणी वाचली होती, ती त्यानं फ्रिजमध्ये ठेवली. जेवणं उरकेस्तोवर आत दह्यागत घट्ट. मालकांनी स्वतः टोपी काढली, बरणी आपल्याच टकलावर उपडी धरली. भावकी माना वर करून बघतेय. थेंब न्हाई!

"पाव्हणं," मालक म्हणाले, "शेण मी काढतो. तुमी ढवळा."

आता लेक-जावई कामासाठी लांब, बर्फाच्या मुलखात. बरणी आमच्याकडं, फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी. संध्याकाळी मालक ती काढतात, डोक्यावर धरून बघतात, मग दोन्ही हातांत घेऊन बसतात, आतलं पातळ होईस्तोवर. तू रविवारी ये गं. बरणी दाखवायला त्यांना कुणीतरी लागतंय.